जयकेशीची लेक पाटणला न जाता ठाण्याला आली असती तर? (शिलाहार + कदंब, एकच कोकण)

खाडीपलीकडचा

थोडं लांबेल पण पूर्ण वाचा मंडळी, कारण आपल्या किनाऱ्याचा इतिहास नेहमी घाटावरून खाली बघत सांगितला जातो आणि मला तो एकदा पाण्याच्या बाजूनं मांडायचाय.

अकराव्या शतकात कोकणात दोन मोठी घराणी. उत्तरेला ठाण्याचे शिलाहार, दक्षिणेला गोव्याचे कदंब. मधले खारेपाटणचे शिलाहार रट्टराजानंतर संपले आणि त्यांचा मुलूख या दोघांच्या खेचाखेचीत सापडला. दोन्ही घराणी शिवभक्त, दोघांचं पोट बंदरांवर, आणि दोघांच्याही डोक्यावर घाटावरच्या कल्याणीचे चालुक्य (हे कर्नाटकातलं, ठाण्याजवळचं कल्याण नव्हे). अंबरनाथचं देऊळ मुम्मुणी शिलाहाराच्या काळातलं, तिथल्या लेखात शके ९८२ आहे म्हणजे इ.स. १०६०. त्यानंतर दहाएक वर्षांत गोव्याच्या पहिल्या जयकेशीनं कपर्दिकद्वीपाच्या, म्हणजे उत्तर कोकणच्या, राजाला मारल्याची नोंद कदंबांच्या लेखांत येते. मग ठाण्यात भाऊबंदकी, बाहेरून यवनांचा उपद्रव, सगळा मुलूख उद्ध्वस्त. मुम्मुणीचा पुतण्या अनंतदेव यानं तो परत सावरला, शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात त्यानं हे स्वतः कोरून ठेवलंय.

आता खरी गंमत बघा. याच जयकेशीची मुलगी मयणल्लादेवी थेट गुजरातेत अणहिलवाड पाटणला कर्ण चालुक्याच्या (हे गुजरातचे सोळंकी, कल्याणीचे नव्हेत) घरी दिली गेली. गुजरातेत तिला मीनलदेवी म्हणतात, सिद्धराज जयसिंह तिचाच मुलगा. जयकेशीचा नातू दुसरा जयकेशी, त्यानं कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याची मुलगी मैलालदेवी केली. म्हणजे सोयरिका समुद्रापार झाल्या, घाटावर झाल्या, पण शेजारच्या खाडीतलं घर कुणाला दिसलं नाही, तिथे फक्त तलवार.

माझं म्हणणं असं की १०७० च्या सुमारास जयकेशीनं मुम्मुणीशी लढाई न करता आपली लेक तरुण अनंतदेवाला दिली असती तर दोन पिढ्यांत डहाणूपासून कारवारपर्यंत एकच राज्य उभं राहू शकलं असतं. तुम्हाला काय वाटतं?

घाटमाथा

विषय छान काढलात पण मला हे पटत नाही.

पहिलं म्हणजे आपल्याकडे लग्नानं तह व्हायचे, राज्यं एक व्हायची नाहीत. १४६९ मध्ये इसाबेला आणि फर्डिनांडचं लग्न झालं आणि स्पेन एक झाला असं आपण पटकन म्हणतो, पण कॅस्टिल आणि अरागॉनचे कायदे, सभा, जकाती त्यानंतरही वेगवेगळ्याच राहिल्या, आणि तिथे निदान राणीला गादीचा हक्क तरी होता. इथे मुलगी दिली की ती त्या घरची झाली.

दुसरं, कोकण स्वतःच्या जिवावर कधी उभं होतं? शिलाहार स्वतःला काय म्हणवायचे तर तगरपुराधीश्वर, म्हणजे घाटावरचं तेर. आणि कदंब बनवासीपुराधीश्वर. दोघांनाही आपली प्रतिष्ठा सांगायला घाटावरचं गाव लागतं. जयकेशी मोठा झाला तोसुद्धा विक्रमादित्याची बाजू धरून. १०७६ ला विक्रमादित्य गादीवर आल्यावर त्यानं आपल्या दोन मांडलिकांना असं एक होऊ दिलं असतं? एका हाताला दोन दोऱ्या असतात तोवरच त्याचं चालणार होतं.

पूर्वकिनारा

घाटमाथा, तुमच्या पहिल्या मुद्द्याला थेट उत्तर आहे, आणि तेही नेमकं १०७० चंच.

राजेंद्र चोळाची मुलगी अम्मंगादेवी आंध्र किनाऱ्यावरच्या वेंगीच्या पूर्व चालुक्य राजराज नरेंद्राला दिली होती. त्यांचा मुलगा राजेंद्र. १०७० मध्ये वीरराजेंद्र चोळ वारला, त्याचा मुलगा अधिराजेंद्र थोड्याच दिवसांत मारला गेला, आणि हा मुलीचा मुलगा तंजावरच्या बाजूला येऊन गादीवर बसला. तोच पहिला कुलोत्तुंग. वेंगी आणि चोळ एका छत्राखाली आले आणि त्यानं जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं. १०७७ मध्ये त्याच्याकडून बहात्तर जणांचा व्यापारी तांडा चीनच्या दरबारात गेला होता. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर हे प्रत्यक्ष घडलंय, कल्पना करायची गरजच नाही.

आणि जयकेशीला हे कळलं नसेल असं म्हणूच नका. चालुक्य आणि चोळ यांच्यात कांचीला मैत्री घडवून आणली असं कदंबांच्या लेखात त्याच्याबद्दल लिहिलंय. वीरराजेंद्राची मुलगी विक्रमादित्याला दिली गेली त्या सगळ्या वाटाघाटींच्या जवळ तो होता. वेंगीचा भाचा चोळांच्या गादीवर बसला ही बातमी त्याला मिळाली असणारच.

पण एक गोष्ट धागाकर्त्यालाही सांगतो. नुसत्या लग्नानं भागत नाही, माहेरची गादी रिकामी व्हावी लागते. गोव्यात जयकेशीच्या मागे मुलगा विजयादित्य होता, त्याच्या मागे दुसरा जयकेशी. तेव्हा तुमच्या कल्पनेत विजयादित्य निपुत्रिक गेला हे पण धरावं लागेल, तरच मीनलचा मुलगा ठाण्यात बापाकडून आणि गोव्यात आजोबांकडून वारस होईल.

हक्काचं म्हणाल तर याज्ञवल्क्य स्मृतीत 'औरसो धर्मपत्नीजस्तत्समः पुत्रिकासुतः' असं स्वच्छ आहे, मुलगा नसला तर वारसासाठी नेमलेल्या मुलीचा मुलगा मुलासारखाच. आणि या स्मृतीवरच्या दोन थोर टीका याच काळात आपल्याच भागात लिहिल्या गेल्या. मिताक्षरा कल्याणीत विज्ञानेश्वरानं विक्रमादित्याच्या आश्रयानं, आणि दुसरी ठाण्यात खुद्द शिलाहार राजा पहिल्या अपरादित्याच्या नावावर, अपरार्क म्हणून. तो अनंतदेवाच्या नंतरचाच. म्हणजे ज्या गादीवर आपण मीनलचा मुलगा बसवतोय त्याच गादीवरच्या राजाच्या नावावर वारसाहक्काचं शास्त्र आहे!! त्याच्या दरबारातून तेजकंठ नावाचा पंडित काश्मीरला पाठवला होता, तिथल्या मंख कवीच्या श्रीकंठचरितात त्याचा उल्लेख येतो. असलं घराणं वारसाची बाजू शास्त्रानं मांडू शकलं नसतं असं कसं म्हणता येईल.

घाटमाथा

कुलोत्तुंगाचं उदाहरण मान्य, एकदम चपखल आहे. विक्रमादित्याचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. कुलोत्तुंगाला त्यानं जन्मभर विरोध केला तो याच कारणासाठी ना, दोन किनारे एका हातात गेले म्हणून.

तांडेल

तुम्ही सगळे वारस आणि गादीवर बोलताय, मी पाण्याचं बोलतो. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या होडीवर.

ठाणे ते गोवा जमिनीनं जायचं म्हणजे सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, वाघोटण, तेरेखोल, प्रत्येक ठिकाणी खाडी आडवी आणि प्रत्येक खाडीला तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी. मुंबई ते गोवा सलग रेल्वे व्हायला १९९८ उजाडलं, त्याच्या आधी आमच्या आजोबांच्या पिढीत सगळे आगबोटीनंच जायचे. तेव्हा अकराव्या शतकात हे एकत्र राज्य चालवायचं झालं तर ते फक्त समुद्रातून चालणार. आणि समुद्र आषाढ-श्रावणात बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोणी होडी लोटत नाही, ते उगाच नाही. म्हणजे वर्षातले तीनएक महिने ठाण्याच्या राजाचा गोव्याशी संबंधच तुटलेला. एखादा सामंत ज्येष्ठाच्या शेवटाला बंड करून बसला तर राजाला भाद्रपदाशिवाय काही करता येत नाही. हे ज्यानं सोडवलं त्याचंच राज्य टिकेल.

माझ्या मते उत्तर असं की दोन्हीकडे दोन कायमची आरमारं ठेवायची, एक ठाण्याच्या खाडीत आणि एक जुवारीत गोपकपट्टणला (कदंबांचं गोव्यातलं बंदर), आणि राजानं पावसाळ्यापूर्वी ठरवायचं यंदा कुठल्या टोकाला बसायचं. ज्या टोकाला तो नसेल तिथे राणी किंवा युवराज. जहाजांची दोघांनाही कमी नव्हती. बोरिवलीला एकसरचे वीरगळ बघा, वल्ह्यांच्या रांगाच्या रांगा कोरल्यात. जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये कदंबांच्या काळातले आहेत त्यातही जहाजावरची लढाई आहे. दगडावर जहाज कोरून घेणारे हे लोक, घाटमाथ्यावर असलं काही सापडायचं नाही.

राजधानी म्हणाल तर ठाणे पण नको आणि गोवा पण नको. मधलं काहीतरी हवं.

शुकनदी

माका बोलूकच होयां आता. मी खारेपाटणच्या जवळचो. राजधानी आमच्याकच होवची! विजयदुर्गाक दर्या, थंयसून खाडीन आत इलास की खारेपाटण. भायरचो शत्रू सरळ येवक शकणा नाय आणि घाटार जावचां झालां तर भुईबावडो, गगनबावडो आसाच. रट्टराजाचां बलिपट्टण म्हणजे आमचांच गाव असां जाणकार सांगतत. येवढे ताम्रपट हयसर मिळाले ते काय उगीच? शके ९३० चो रट्टराजाचो आणि शके १०१६ चो अनंतदेवाचो, दोनय हयचेच.

खाडीपलीकडचा

शुकनदी, तुमच्या गावच्या त्या दोन ताम्रपटांवरच मला यायचं होतं, बरं झालं काढलंत.

रट्टराजाच्या ताम्रपटात जकातीचा दर दिलाय. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण (सोन्याचं नाणं), किनाऱ्यावरच्या जहाजांना त्याहून कमी, आणि त्यातून चेमुल्य आणि चंद्रपूर इथली जहाजं वगळलेली. चेमुल्य म्हणजे चौल, शिलाहारांचं. चंद्रपूर म्हणजे चांदोर, कदंबांचं. म्हणजे १००८ सालीच या दोन बंदरांना खारेपाटणात वेगळी वागणूक होती, व्यापाऱ्यांच्या लेखी किनारा आधीच जोडलेला होता. आणि शहाऐंशी वर्षांनंतरच्या ताम्रपटात अनंतदेव काय करतो, तर बलिपट्टणच्या भाभण श्रेष्ठी आणि धणाम श्रेष्ठी या दोन भावांच्या जहाजांना ठाणे, नागपूर (हे किनाऱ्यावरचं, विदर्भातलं नव्हे), सोपारा, चौल या बंदरांत जकात माफ करतो. दक्षिणेकडचे दोन भाऊ, त्यातला भाभण तर त्याचा महामात्य, आणि त्यांची जहाजं उत्तरेच्या सगळ्या बंदरांत.

राज्य एक करण्याची गरज कुणाला होती ते यातून कळतं. राजांना नव्हती हो, ती या श्रेष्ठींना होती. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी थांबून सोनं मोजायचं म्हणजे काय होतं ते तांडेल सांगतील. कुलोत्तुंगाला तामिळ लोक 'शुंगम् तविर्त्त' म्हणत आले, जकात उठवणारा. दोन किनारे एक झाल्यावर त्यानं पहिलं मोठं नाव कमावलं ते यावर. आपल्याकडे मीनलच्या मुलानं हेच केलं असतं असं मला मनापासून वाटतं.

वसईची_सून

सगळा धागा वाचला, फार आवडला, पण एवढा वेळ मीनलदेवीला एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवताय आणि तिच्याबद्दल कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत म्हणून लिहितेय. माझं माहेर गुजरातेतलं, वीरमगामचं मुनसर तळं आणि धोळक्याचं मलाव तळं या दोन्हीशी तिचं नाव लहानपणापासून ऐकलंय. मलावची तर गोष्टच आहे, तळ्याच्या कडेला एका बाईचं घर होतं, ती विकायला तयार नव्हती, राणीनं जबरदस्ती केली नाही आणि तळ्याचा आकार वाकडा राहू दिला. न्याय बघायचा तर मलाव तळं बघा असं अजून म्हणतात.

तिचं लग्न सुखाचं नव्हतं. मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीत आहे की कर्णाला ती रूपानं आवडली नाही आणि तो तिला नाकारत होता, शेवटी सासू उदयमतीनं तिची बाजू घेतली (पाटणची राणी की वाव जिच्या नावावर सांगतात तीच ही उदयमती). सिद्धराजाच्या दरबारातला जैन पंडित हेमचंद्र मात्र वेगळं सांगतो, चित्रकारानं तिचं चित्र दाखवलं आणि कर्ण भाळला म्हणे. मला मेरुतुंगाचं खरं वाटतं, राजाला खूश करायचं असतं तर कोणी अशी गोष्ट रचत नाही.

कर्ण गेला तेव्हा सिद्धराज लहान होता, सुरुवातीचा कारभार हिच्या हातात. आणि तिचं सगळ्यात मोठं काम म्हणजे बाहुलोडला सोमनाथाच्या यात्रेकरूंवर जो कर होता तो तिनं मुलाकडून माफ करून घेतला. कराला पैसे नसलेले यात्रेकरू तिथून रडत परत जायचे ते तिनं बघितलं असं मेरुतुंग सांगतो. आता हे तिच्या माहेरच्या गोष्टीशी जोडून बघा. तिच्या घराण्यातला गुहल्लदेव सोमनाथाला समुद्रानं निघाला होता, वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली आणि गोव्याच्या बंदरातल्या एका अरब व्यापाऱ्यानं त्याला मदत केली. त्या व्यापाऱ्याच्या नातवाला, छडमाला, जयकेशीनं कोकणचा कारभारी केलं, आणि तिथल्या मशिदीच्या खर्चासाठी जहाजांवर कर लावायची सनद दिली. ही ज्या घरात वाढली त्या घरात यात्रा, जहाज आणि जकात या तिन्ही गोष्टी रोजच्या बोलण्यातल्या होत्या. म्हणून सिद्धराजाच्या दरबारात जकातीविरुद्ध बोलणारी तीच निघाली.

तेव्हा खाडीपलीकडचा, तुम्ही मुलानं जकात उठवली असती म्हणता. मी म्हणते ती स्वतःच उठवायला लावली असती, तिनं एकदा तसं केलेलं आहे. पण गुजरातचं केवढं नुकसान ते पण मांडा ना. सिद्धराज नाही म्हणजे माळव्यावरचा विजय नाही, हेमचंद्राचं सिद्धहेम व्याकरण त्या नावानं नाही.

तांडेल

ताई, हे मलाव तळ्याचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मस्त.

पूर्वकिनारा

+१. आणि सिद्धराज नाही म्हणजे त्याच्यामागून आलेला कुमारपाळही बहुतेक नाही, कारण सिद्धराजाला मुलगा नव्हता म्हणून तो बाजूच्या शाखेतून आला. कुमारपाळाच्याच सेनापतीनं, आंबडानं, ११६० च्या सुमारास आपल्या मल्लिकार्जुन शिलाहाराला मारलं. भाटानं मल्लिकार्जुनाला 'राजपितामह' म्हटलेलं कुमारपाळाला सहन झालं नाही अशी कथा आहे. तेव्हा जयकेशीनं पाटणला दिलेली लेक आणि ठाण्याचा पाटणकडून झालेला पराभव या एकाच साखळीतल्या कड्या आहेत. पाटण मोठं व्हायला आपल्याच किनाऱ्याची राणी कारणी लागली.

घाटमाथा

आता माझं शेवटचं. समजा सगळं तुमच्या मनासारखं झालं, जकात एक झाली, आरमारं दोन झाली, राजधानी खारेपाटणला. तरी बाराव्या शतकाच्या शेवटी कल्याणी मोडते आणि देवगिरीचे यादव उभे राहतात. त्यांना काय लागतं? घोडे, आणि घोडे अरबस्तानातून समुद्रानंच येतात. एकसंध कोकण म्हणजे घोड्याच्या वाटेवर एकच दार. यादव ते दार पैसे देऊन उघडतील तोवर उघडतील, नंतर फोडतील. नाणेघाट, बोरघाट, कुंभार्ली, आंबा, फोंडा, एवढ्या घाटांवर एकाच वेळी पहारा कोण ठेवणार? समुद्र सांभाळणाऱ्याकडे त्यासाठी माणूसबळ नव्हतं, भात पिकवून पिकवून किती पिकवणार या चिंचोळ्या पट्टीत. माझ्या हिशोबानं हे राज्य तीन पिढ्या, फार तर चार.

पोर्तुगीज आलेच नसते वगैरे कोणी म्हणणार असेल तर कृपा करून नको. १५१० पर्यंत मध्ये चारशे वर्षं जातात, तेवढं लांबचं या एका लग्नावर टाकू नका.

खाडीपलीकडचा

पोर्तुगीजांबद्दल पूर्ण सहमत, मी तिथे जातच नाही. घाटांबद्दलही सहमत. जमिनीवर यादवांपुढे हे राज्य टिकलं नसतं.

पण १२६५ चं बघा. शेवटचा शिलाहार सोमेश्वर, यादव महादेवाच्या हत्तीदळानं त्याला जमिनीवर हरवलं, तो जहाजांत बसला, महादेवानं समुद्रातही पाठलाग केला आणि सोमेश्वर बुडून मेला. महादेवाचा मंत्री हेमाद्री लिहितो की महादेवाच्या क्रोधापेक्षा त्यानं वडवानल, म्हणजे समुद्रातला अग्नी, पत्करला. एकसरचे वीरगळ बरेच अभ्यासक याच लढाईशी जोडतात. मला या प्रसंगात एकच गोष्ट डाचते, की समुद्रात उतरल्यावर त्याला जायला ठिकाण नव्हतं. दक्षिणेला चार-पाच दिवसांच्या वाऱ्यावर गोपकपट्टण होतं आणि तिथे कदंब अजून राज्य करत होते, पण दोनशे वर्षं ज्यांच्याशी वैर त्यांच्या दारात कसं जायचं? कोंकणचक्रवर्ती हे बिरुद तर दोघांनीही लावलेलं. आणि कदंबांना सोयऱ्याची किंमत माहीत नव्हती असंही नाही, त्याच सुमाराला गोव्याच्या षष्ठदेवाला गेलेली गादी परत मिळवून दिली ती त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं, कामदेवानं.

एकच राज्य असतं किंवा निदान आजोळ तरी असतं तर सोमेश्वर ठाणं सोडून जुवारीत गेला असता, पावसाळा तिथे काढला असता आणि भाद्रपदात तांडेल म्हणतात त्या दुसऱ्या आरमारासकट परत आला असता. त्याला परत यायला जागा होती का? तर होती. १२९० च्या आसपास मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो की इथला राजा चाच्यांशी संगनमत करून आहे, लुटीतले घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा. म्हणजे महादेवानं ठाणं घेतल्यावर पंचवीस-तीस वर्षांच्या आत तिथे परत कोणीतरी समुद्राकडे तोंड करून, देवगिरीला न विचारता, घोड्यांचा धंदा करत बसलाच होता. हे जर अनोळखी राजाला जमलं तर मागे गोव्याचं बंदर असलेल्या सोमेश्वराला का जमलं नसतं, घाटमाथा, याचं उत्तर तुम्ही द्या.